जवळचा नेम आणि बाणाचं टोक

साईट, म्हणजे नेम धरायची जोडलेली खूण, नसलेल्या साध्या धनुष्यानं पंधरा-वीस मीटरवर नेम धरायचा म्हणजे उलटा खेळ आहे भावा, नवीन पोरांना वाटतं एवढं जवळ आहे तर बाणाचं टोक मधोमध ठेवायचं नि सोडायचं, आणि बाण जातोय डोक्यावरनं. कारण डोळा वर, बाण खाली हनुवटीपाशी, म्हणजे तो वर तोंड करूनच सुटतो. मग टोक निशाण्याच्या खाली धरायचं, टोक नि निशाण्यातलं हे अंतर म्हणजेच गॅप. तिन्ही बोटं बाणाच्या खाली आणि अँकर, म्हणजे दोरी ओढून हात टेकवायची जागा, ओठाच्या कोपऱ्याला घेतला की बाण डोळ्याजवळ येतो, गॅप लई कमी होतो.

दुसरी पद्धत इन्स्टिंक्टिव्ह, टोकाकडं बघायचंच नाही, फक्त ठिपका. भारी वाटतं, पण रोज सराव नसला की आज हिकडं उद्या तिकडं, मला तर गॅपच पटतो.

परदेशात हरणाची शिकार अशीच जवळनं करतात, आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो विषय बंद, कोल्हापुरात पाळीव चित्त्यांकडनं हरणं धरायच्या शिकारीच्या नुसत्या गोष्टी उरल्यात. आपलं टार्गेट फोमचं, त्यातलं पण अख्खा गोल बघू नका, एखादं जुनं भोक पकडा.