आमची वाटचाल : नऊ कॅप्सूल

माती-रोपांच्या नमुन्यांत नायट्रोजन-१५, म्हणजे जड नायट्रोजन, किती हे आमची लॅब मोजते. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारं मशीन) दोन आहेत. एकावर नैसर्गिक नमुने, दुसऱ्यावर फक्त एनरिच्ड, म्हणजे जड नायट्रोजन मुद्दाम वाढवलेले. चिमटे वेगळे, वजनाचं टेबल वेगळं, दळायचा बॉल मिलही वेगळा. एवढी शिस्त अंगी यायला धंदा बुडायची वेळ यावी लागली.

तेव्हा मशीन एकच होतं. एका ग्राहकाने पानांची पूड पाठवली, फॉर्मवर खूण ‘नैसर्गिक’. प्रत्यक्षात रोपांना नायट्रोजन-१५ चं खत घातलेलं, पूड ५ अ‍ॅटम पर्सेंटच्या घरात, म्हणजे नायट्रोजनच्या शंभर अणूंत पाच जड. हवेत हे प्रमाण ०.३६६३, म्हणजे पुडीचा डेल्टा (हवेच्या तुलनेतला फरक, हजारात किती तो, म्हणजे पर मिलमध्ये) १३ हजार पर मिलच्या वर! त्यातला हजारावा भाग जरी नमुना जाळायच्या कंबशन ट्यूबच्या राखेत अडकला, तरी पुढचा नमुना १३ पर मिलने चढतो. आणि मातीच्या कामात आम्ही एकेका पर मिलसाठी जीव टाकतो. त्याच रनमध्ये मागे आणखी तिघांचे नमुने होते. शेवटचं स्टँडर्ड (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) चढलेलं मला दिसलं होतं, मी मशीनचा ड्रिफ्ट, म्हणजे आकडा हळूहळू सरकणं, समजून दुरुस्ती लावली. ती चूक माझीच. पण खोटी खूण माझी नव्हती, आणि त्या ग्राहकाने ते आजवर कबूल केलेलं नाही. एका स्पर्धक लॅबने आमचा तो रिपोर्ट दारोदार दाखवला. मशीन त्यांच्याकडेही एकच होतं.

तिघांपैकी दोघे गेले. मृदाशास्त्राच्या बाई मात्र स्वतः आल्या. ट्यूब बदलली, तांबं नवं भरलं आणि साधं अ‍ॅसिटॅनिलाइड (आमचं नैसर्गिक स्टँडर्ड) टिनच्या कॅप्सूलमध्ये एकामागून एक सोडत राहिलो. पहिलं चढलेलं, दुसरं जरा कमी. बाई प्रत्येक आकडा स्वतःच्या वहीत लिहीत होत्या. नवव्या कॅप्सूलला आकडा जागेवर बसला. “आता माझे नमुने परत लावा,” म्हणाल्या.

पुढची वर्षं कामात गेली, दुसरं मशीन आलं.

नव्याने लॅब काढणाऱ्यांनी एवढं करावं: रन कमी एनरिचमेंटकडून जास्तीकडे लावा. मध्ये नैसर्गिक स्टँडर्ड घाला, चढलं तर थांबा. एनरिचमेंट फार असेल तर ३० वस्तुमानही (दोन्ही अणू जड असलेला नायट्रोजनचा रेणू) मोजावं लागतं, पण सोर्समध्ये, म्हणजे मशीनच्या वायूला विद्युतभार देणाऱ्या भागात, ऑक्सिजन उरला की नायट्रिक ऑक्साइड नेमकं तिथेच येऊन बसतं. त्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका.

बाईंचा ट्रे आजही येतो. प्रत्येक ओळीपुढे लाल शाईत अंदाजे अ‍ॅटम पर्सेंट, कमी आधी, जास्त शेवटी.