करासाकीला पावसातच जा

जपानमधल्या बिवा सरोवराकाठची ‘ओमी हक्केई’, म्हणजे ओमी प्रांतातली आठ दृश्यं बघायची असतील, तर नकाशाच्या आधी घड्याळ आणि हवामान बघा. ही यादी चीनमधल्या शियाओ-शियांग नद्यांच्या आठ दृश्यांवर बेतलेली आहे आणि तिच्यात नुसत्या जागा नाहीत: इशियामाचा शरदातला चंद्र, मीईची सांजघंटा, हिराचं संध्याकाळचं बर्फ, करासाकीचा रात्रीचा पाऊस. जपानी चित्रकार हिरोशिगेने १८३४ च्या सुमारास या दृश्यांचे लाकडी ठोकळ्यांवरून छापलेले ठसे केले, तेव्हा प्रत्येक चित्रात एक वाका छापली. वाका म्हणजे ५-७-५-७-७ अशा ३१ अक्षरांची कविता. या आठही कविता दरबारी कवी कोनोए नोबुतादाच्या (१५६५–१६१४) नावावर सांगतात.

क्योतोहून जेआर (जपान रेल्वे) कोसेई लाइनची लोकल धरून करासाकीला उतरा. तिथून सरोवराच्या दिशेने साधारण पंधरा मिनिटं चाललं की देवळाच्या आवारात करासाकीच्या दृश्यातला तो पाइन आहे. आत्ताचं झाड तिसऱ्या पिढीचं. आधीचं १९२१ मध्ये वाळलं. करासाकीच्या ठशावरची कविता म्हणते, पाइनने आपला आवाज रात्रीच्या पावसाला देऊन टाकला. जपानी कवितेत पाइन म्हटलं की वाऱ्याची सळसळ आलीच, तीच इथे काढून घेतली आहे. हिरोशिगेनेही तसंच केलं. अंधारात झाडाचा प्रचंड काळसर आकार आणि सरळ खाली येणाऱ्या पावसाच्या रेघा, बाकी जवळजवळ काही नाही. आठांत मला हाच ठसा सर्वांत मोठा वाटतो. हायकूकार बाशोने १६८५ मध्ये याच पाइनवर लिहिलं, तेही तो फुलांपेक्षा धूसर दिसतो म्हणून.

ठसा बघताना आधी रेघा बघा. लाकडात केसाएवढ्या उंच ठेवलेल्या या कडा छापून छापून झिजतात, म्हणून उशिराच्या प्रतीत पाऊस तुटक होतो. मग रंग विरत जातो ती जागा, म्हणजे बोकाशी. तेवढा ठोकळा ओल्या फडक्याने पुसायचा, ब्रशच्या एकाच टोकाला रंग घ्यायचा, आडवा ओढायचा, कागद ठोकळ्यावरच्या खुणेच्या खाचेला लावून बारेनने, म्हणजे हातातल्या सपाट घासणीने, घासायचा. आणि हे दर कागदाला नव्याने. पाणी जास्त झालं तर रंग पसरतो, कमी पडलं तर मधेच कडक रेघ उमटते. कागद ओलसर लागतो. काम चालू असताना तो वाळला तर आकसतो आणि पुढचा रंग जागेवर बसत नाही.

यादीतल्या इतर जागांपैकी आवाझूचे पाइन आता थोडेच उरलेत आणि याबासेच्या किनाऱ्यासमोर भराव घातलेलं बेट आहे. वेळ कमी असेल तर दोन्ही सोडा. काताताचा उकिमिदो मात्र सोडू नका. पाण्यावरचं ते देऊळ १९३४ च्या वादळात पडलं आणि १९३७ मध्ये पुन्हा बांधलं. हिरा डोंगरावरून जोराचा वारा सुटला की कोसेई लाइन बंद पडते. अशा दिवशी केइहान रेल्वेची इशियामा-साकामोतो लाइन धरा. मीईदेरा आणि इशियामादेरा दोन्ही तिच्यावरच आहेत.