सोवळ्यातलं सॅम्पलिंग

जुलै महिना, पवईजवळ मिठीचा काठ. मी आणि प्रयोगशाळेत नुकताच लागलेला एक मुलगा नदीच्या पाण्याचे नमुने घेत होतो. शोधायचं होतं पीएफएएस, माणसाने बनवलेल्या रसायनांचं एक घराणं. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका चिवट, की ही रसायनं ऊन-पाण्याला, जिवाणूंना दाद देत नाहीत.

या कामाला आजीसारखं सोवळं पाळावं लागतं. धुऊन धुऊन विटलेले सुती कपडे, अंगाला सनस्क्रीन नाही, बाटलीच्या झाकणाला टेफ्लॉन नाही. कारण अशा वस्तूंतून हीच रसायनं नमुन्यात उतरू शकतात, आणि मोजायचं असतं लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे लाख कोटी भागांत एखादा भाग. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएची, म्हणजे यातल्याच आठ कार्बनवाल्या आम्लाची, मर्यादा ठरवली, ती लिटरला 4 नॅनोग्रॅम.

नमुन्यांबरोबर आम्ही प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणीही नेतो. काठावर ते कोऱ्या बाटलीत ओतायचं आणि परत आणायचं. हा फील्ड ब्लँक. त्यात काहीही सापडता कामा नये.

चार दिवसांनी मुलाची हाक आली, "मॅडम, ब्लँकमध्ये पीक दिसतोय." पीक म्हणजे आलेखातला उंचवटा, काहीतरी सापडल्याची खूण.

पीएफएएसपैकीच, सहा कार्बनवालं आम्ल. नदीच्या नमुन्यांतही तेच होतं, पण आता त्यातलं नदीचं किती, हे कसं सांगणार? सगळे नमुने बाद. हातमोजे, बाटल्या, शुद्ध पाणी, सगळं पुन्हा तपासलं. स्वच्छ. मग मला तो पाऊस आठवला. पावसाची सर आल्यावर मुलाने पिशवीतून ट्रेकिंगचं जॅकेट काढून चढवलं होतं. मी पाहिलं होतं, आणि भिजेल बिचारा म्हणून गप्प बसले होते. चूक माझीच.

जॅकेटचा कोपरा मिथेनॉल या द्रावकात बुडवून तपासला. तेच आम्ल, कितीतरी जास्त. आठ कार्बनच्या रसायनांवर बंधनं आल्यावर पाणी झटकणाऱ्या लेपांसाठी सहा कार्बनची वापरात आली, त्यांच्याच घरातलं हे.

मुलगा आलेखाकडे बघत राहिला. पहिल्या पगारातून घेतलेलं जॅकेट. राजमाची, हरिश्चंद्रगड सगळं त्यातच केलेलं. म्हणाला, "मॅडम, दर पावसाळ्यात हे धुतलंय मी. ते पाणी गेलं कुठे?"

"गटारात. तिथून खाडीत."

"मग आता टाकू कुठे?"

देवनारच्या कचऱ्यात टाकलं, तर लेप पावसाबरोबर झिरपत राहणार. साध्या आगीत जाळलं, तर धुरावाटे पसरणार. मी पॉलिथिनची पिशवी आणली, जॅकेट घडी करून आत ठेवलं, तारीख घातली. अजून ते आमच्या कपाटात, खालच्या खणात आहे.