पाटाचा आणि फडांचा नकाशा: क्यूजीआयएसमधला माझा अनुभव

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरच्या एका बंधाऱ्याचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत संगणक-प्रणालीत करायचा होता. साक्रीकडची फड पद्धत आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे: नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी वाटायला पाटकरी. नकाशा गावच्या बैठकीसाठी हवा होता. म्हणजे तो भिंतीवर लागणार, माणसं लांबून वाचणार आणि मागाहून त्याच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स निघणार. बाकीचं सगळं यावरूनच ठरत गेलं.

सुरुवात प्रक्षेपापासून केली, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीपासून. मागे ऑनलाइन नकाशा लावला की प्रकल्प बहुधा वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपात जातो, आणि आपल्या 21 अंश अक्षांशावर त्यात अंतरं सुमारे 7 टक्के फुगतात. कुणी कागदावर फूटपट्टी ठेवून पाट मोजला, तर एक किलोमीटरचे 1,070 मीटर भरतील. शेतकरी फूटपट्टी ठेवतोच! म्हणून यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपाचा झोन 43 उत्तर घेतला (क्यूजीआयएसमध्ये निवडायचा त्याचा क्रमांक ईपीएसजी 32643). जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्यातच बसतात. प्रमाण 1:10,000 ठेवलं, म्हणजे एका सेंटीमीटरला 100 मीटर. ए-थ्री आडव्या कागदात बंधारा आणि खालचे फड आरामात मावले.

खरा वेळ खाल्ला नावांनी. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशात काही गावांना मराठी नाव वेगळं नोंदलेलं असतं, काहींना नसतं. लेबलमध्ये कोअलेस फंक्शन वापरलं, की मराठी नाव असेल तर ते येतं, नसेल तर जे असेल ते. राहिलेली हाताने भरली. टंक (फॉन्ट) मुक्ता नावाचा घेतला. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेखा तुटते. नदीचं नाव वळणावरून नेण्याचा मोहही मी आवरला, कारण तिथेही अक्षरं सुटी होऊ शकतात. पांझरेच्या सरळ भागालगत नाव आडवंच लिहिलं. नावाभोवती पांढरी कड दिली, पण बारीक. जाड कड दिली की खालचा पाटच पुसला जातो.

कच्ची प्रत शेजारच्या आबांना दाखवली. त्यांचा पहिला प्रश्न, "आमनं गाव कोठे शे?" फड, पाट हे नंतर. मग मारुतीचं देऊळ, शाळा, पूल ठळक केले आणि सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या समोच्च रेषा सरळ काढून टाकल्या. इथे त्या कुणालाच नको होत्या.

रंगांचं म्हणाल तर निळी नदी आणि लाल पाट झेरॉक्समध्ये सारखेच करडे होतात. म्हणून नदी रुंद पट्टा, पाट बारीक रेघ आणि त्यावर पाण्याच्या दिशेचे बाण. फडांना रंगाऐवजी वेगवेगळ्या कोनांतल्या तिरक्या रेघा दिल्या. पीक मात्र मुद्दाम दाखवलं नाही. ते फडात आलटून पालटून घेतात, नकाशा वर्षभरात शिळा झाला असता. फडाचं नाव टिकतं. उपग्रह चित्राची पार्श्वभूमी पडद्यावर झकास दिसते, कागदावर काळपट उतरते. ती काढलीच.

पीडीएफ करताना अक्षरं मजकूर म्हणून न ठेवता आकार म्हणून निर्यात करा. छपाईच्या दुकानातल्या संगणकावर आपला टंक नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत. 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) पुरतं. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयोल्लेख टाकायचाच, तो त्यांच्या परवान्यातच आहे. आणि खाली एक रिकामी पट्टी सोडा. आमच्या बैठकीत पाटकऱ्याने तिथेच पेनाने चाऱ्यांची, म्हणजे पाटातून निघणाऱ्या छोट्या कालव्यांची, नावं लिहिली; त्यातली बरीच कुठल्याच नकाशात नव्हती.