दिशांचा पाठ मैदानावर: काठी, सुतळी आणि सावली

दिशांचा पाठ चौथीच्या मुलांना तोंडपाठ असतो. मात्र मैदानात उभे करून उत्तर कुठे असे विचारले, की नकाशात उत्तर वरच्या बाजूला असते म्हणून काही मुले सरळ आकाशाकडे बोट दाखवतात. त्यामुळे यंदा हा पाठ मी सावलीच्या आधारे मैदानावरच घेतला.

मोकळ्या सपाट जागेत मीटरभर उंचीची काठी रोवली. ती सरळ आहे की नाही यावरून वाद झाला, तेव्हा दोऱ्याला दगड बांधून ओळंबा केला. एका बाजूने सरळ दिसणारी काठी दुसऱ्या बाजूने कललेली निघाली आणि दोन्हीकडून तपासणी का हवी, हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण रेषेवर पडते, म्हणून आरंभी मुलांनी दुपारी थोड्या थोड्या वेळाने सावलीच्या टोकाशी खुणा केल्या. परंतु मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी इतकी सावकाश बदलते, की नेमकी आखूड सावली कोणती हे मोजपट्टीने ठरवणे अवघड जाते. त्यातच सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी असल्याने सावलीच्या टोकाशी सेंटीमीटरभर तरी पट्टा धूसर राहतो. एक मुलगी या पट्ट्याची आतली कड धरत होती, तर तिचा जोडीदार बाहेरची. कोणतीही धरा, पण शेवटपर्यंत तीच धरा, हा नियम अखेर त्या दोघांनीच केला. माझ्या मते संपूर्ण उपक्रमातले हे सर्वांत मोलाचे शिक्षण होते.

मग कात्यायन शुल्बसूत्र या यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात दिलेली जुनी रीत वापरली. सकाळीच काठीभोवती सुतळीने वर्तुळ आखले. सावलीचे टोक सकाळी वर्तुळाच्या आत शिरते तिथे एक खूण आणि दुपारनंतर बाहेर पडते तिथे दुसरी, एवढेच टिपायचे. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि सकाळची खूण पश्चिमेकडची. रेषेएवढी सुतळी दुमडून मुलांनी तिचा मध्य काढला. तिथून काठीपर्यंतची रेषा उत्तर-दक्षिण झाली. अर्थात दोन्ही खुणांच्या वेळी ऊन असावे लागते आणि त्यासाठी सहकाऱ्यांकडून तासिका बदलून घ्याव्या लागतात.

सर्वांत आखूड सावली घड्याळात बाराला का पडली नाही, असे एकाने विचारले. घड्याळ ठरावीक रेखांशाची प्रमाणवेळ दाखवते आणि त्या रेखांशापासून दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो, इतकेच त्याला सांगितले. ऋतूंनुसार पडणारा फरक मुद्दाम पुढच्या इयत्तेसाठी ठेवला.

गुणोत्तर न शिकलेल्या मुलांना झाडाची उंचीही काढता आली. काठीची सावली काठीएवढी झाली, की त्याच क्षणी झाडाची सावली बुंध्याच्या मध्यापासून शेंड्याच्या सावलीपर्यंत मोजायची. जमीन सपाट असेल, तर तीच झाडाची उंची. दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत, कारण एकाने मोजायला उशीर केला होता आणि सावली तेवढ्यात लांबली होती.