नापास माल

जेजुरीपर्यंतचं मला सलग असं काही आठवत नाही. दिवे घाटात अंगावर पाऊस होता की घाम, तेही सांगता येणार नाही. सासवडला दोन्ही रात्री शेजारच्या मावशी घोरत होत्या आणि मधेच जाग्या होऊन मलाच म्हणत होत्या, "माऊली, जरा कुशीवर वळा, फार घोरताय." जेजुरीचा भंडारा कपड्यांतून अजून गेलेला नाही. नीरेत पादुकांना स्नान घातलं तेव्हा मी घाटावरच होते, पण गर्दीत मला फक्त वर केलेले हात दिसले. लोणंद, चांदोबाचा लिंब, तरडगाव, फलटण. ठिकाणं एकमेकांत मिसळून गेलीत. पाय मात्र दर दिवसाचे वेगळे आठवतात.

मी निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये डाळिंबाच्या ग्रेडिंगवर असते. पट्ट्यावरून फळं येत राहतात आणि आम्ही खोट शोधत राहतो. काट्याचा ओरखडा, वाऱ्यात फांदीला घासून उठलेला चट्टा, उन्हानं भाजलेली बाजू, फुलकिड्यांनी खरवडलेली साल, तेल्या रोगाचा काळा ठिपका. 'किंग' म्हणजे 500 ते 750 ग्रॅम आणि अंगावर एक डाग नाही. प्रत्येक फळाला नजरेचा एकच फेरा मिळतो. वारीला येताना सुट्टी टाकता येते, ही नजर टाकता येत नाही. पुढच्या बाईच्या डोक्यावरच्या तुळशीला किती पानांना भोकं पडलीत, हे मी हरिपाठ म्हणता म्हणता मोजत होते. रांगेत कुणाची पावली चुकते तेही दिसायचं. देव दिसेल तेव्हा दिसेल.

रस्ता आता चौपदरी झालाय. पायाखाली सपाट आहे, वाहनांची भीती कमी झाली, सगळं खरं. पण आईच्या वारीच्या गोष्टींत वडा-चिंचांची सावली असायची, आणि त्यातली किती झाडं रुंदीकरणात गेली ते दुपारी बाराला डोक्याला कळतं. नवी रोपं लावलीत. एकसारख्या उंचीची, एकसारख्या अंतरावर, जाळीत उभी केलेली. आमच्या पट्ट्यावर शंभर टक्के पास झाली असती. त्यांच्या सावलीत एक कुत्रंसुद्धा मावत नव्हतं.

बरडला रात्री कीर्तनात बुवांनी देवाच्या करणीत कसा कुठे दोष नाही ते रंगवून सांगितलं. लोक डोलत होते. मी टाच चोळत होते. उजव्या टाचेला फलटणमध्येच फोड आला होता, बरडला तो रुपयाएवढा झाला, आणि दुसऱ्या दिवशी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरलो तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा आला. डॉक्टरांची गाडी पुढे निघून गेली होती. आमची दिंडीही गेली. विणेकरी काकांनी "शिंगणापूर फाट्याला विसाव्याला गाठा" म्हणून हात केला. पाठून दुसऱ्या दिंड्या येत राहिल्या, त्यांच्या टाळांच्या ठेक्यावर लंगडायचं म्हणजे आणखी हाल. तो ठेका लंगड्या माणसासाठी बांधलेला नाही.

रस्त्यापासून जरा आत एक विहीर होती. कडेचे दगड एका बाजूनं ढासळलेले, आणि तिथलीच बाभूळ पार आडवी होऊन पाण्यावर कललेली. तिच्याखाली एक आजी, एक चाळिशीचा माणूस आणि क्रेटांची उतरंड. मी सावली बघून गेले. क्रेटात काय आहे ते दहा पावलांवरून कळलं. भगवा जातीची डाळिंबं. एकूण एक फळ उकललेलं.

"बस की माऊली. पाय दाव," आजी म्हणाली.

मी पाय दाखवला. तिनं मान वर करून बाभळीचा एक लांब काटा मोडला. तिचा मुलगा ओरडला, "आये, सुई आन म्हनलं की! काट्यानं धनुर्वात हुईल तिला."

"तुझ्या बापाचं समदं फोड म्या काट्यानं फोडलं."

"म्हनून त्यो दवाखान्यात झोपला हुता."

दोघांचं भांडण चालू असताना मी चोरून काट्याकडे बघत होते. शेवटी सुई आली, काडीच्या जाळावर धरली गेली, आणि आजीनं दोरा ओवून तो फोडातून आरपार काढला आणि तसाच आत ठेवला, पाणी झिरपत राहावं म्हणून. वर हळद आणि तेल. हात खडबडीत होता, पण दुखलं नाही. मी नमस्कार करायला वाकले तर तीच माझ्या पाया पडली, वारकऱ्याचे पाय म्हणून. त्याच पायाची घाण तिच्या बोटांना लागलेली होती. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

मग मुलानं एक फळ हातात दिलं. उकललेल्या भेगेतून दाणे बाहेर आलेले. मी सवयीनं ते फिरवून बघितलं आणि विचारलं, "पाण्याचा ताण बसला आणि मग एकदम पाऊस?"

तो बघत राहिला. "तुमास्नी काय म्हाईत?"

सांगितलं. दाणे आतून फुगतात, कोरडी पडलेली साल तेवढी ताणत नाही, मग तडकते. बोरॉन, कॅल्शियम दिलं होतं का वगैरे. दिलं होतं. विहिरीला पाणी नव्हतं, ते कुठून देणार? व्यापाऱ्यानं बागेत पाय टाकला नाही. "म्हंजी तुमीच त्या," तो हसत म्हणाला, "नापास करनाऱ्या. घ्या मग, नापास माल." हसण्यात थोडं खरंही होतं. मी फळ फोडलं. ऊन खाऊन पिकलेलं, इतकं गोड डाळिंब पट्ट्यावर कधी चाखलेलं नाही. पट्ट्यावर आम्ही चाखतच नाही. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक फळ देत होती, लोक न बघता घेत होते आणि पुढे जात होते.

डोक्यावर सुगरणींचा गोंधळ चालला होता. पाण्यावर कललेल्या, काटेरी फांद्या त्यांना बऱ्या पडतात, साप-मांजर सहज पोचत नाही. पाचपन्नास खोपे असतील. त्यातले बरेच अर्धवट, टोपीसारखे लटकलेले, खालची नळी विणलेलीच नाही. नर इथवर विणतो, मादी येऊन आत बघते, पटलं तर तो पुढे विणतो, नाही तर दुसरीकडे नवा धरतो. म्हणजे तिथंही ग्रेडिंग. नाकारलेले खोपे वाळून पिवळे पडले होते, चालू कामाचे हिरवे, आणि एका फांदीवर दोन्ही रंगांचे वाऱ्याला एकदमच झुलत होते. खोडाला एके ठिकाणी कुऱ्हाडीचा घाव होता, तिथून डिंक आलेला. आजीनं त्यातला खडा काढून तोंडात टाकला आणि मलाही दिला. मी किती वेळ बसले ठाऊक नाही. पाठून येणाऱ्या एका दिंडीनं नेमका वाकड्या उसाचा अभंग धरला. तेव्हा मला अर्थबिर्थ काही नको होता, नुसतं बघायचं होतं.

उठल्यावर पुन्हा दुखायला लागलं. चहाचे कागदी कप रस्ताभर पडलेले, एक तरुण फुगडीचं चित्रण करायला सगळ्यांना पुन्हा पुन्हा थांबवत होता, त्याला मी जे बोलले ते वारीत बोलू नये.

चालताना विठोबा आठवला तो मात्र लहानपणचा. आईनं पायांवर डोकं ठेवायला लावलं होतं, मागून रेटा होता, आणि कपाळाला दगड गार आणि खडबडीत लागला होता. लोकांनी हात लावून लावून ते पाय झिजलेत. झीज थांबवायला पुरातत्त्व विभागाला वज्रलेप करावा लागतो. चेहराही काही घोटून गुळगुळीत केलेला नाही, जवळून बघितला तर नाकडोळे पुसटच. आमच्या तक्त्यात ही मूर्ती कुठल्या रकान्यात बसली असती, असा विचार आला आणि मी एकटीच हसले. शेजारचे काका म्हणाले, "हसा माऊली, पंढरी जवळ आली." जवळ कसली, अजून नातेपुतेसुद्धा आलं नव्हतं.

माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव. दोरा वेळापूरला काढला.

वाखरीला रिंगणासाठी जागा धरून बसले होते तेव्हा पॅकहाऊसमधून फोन आला. फोटो पाठवले होते, अख्ख्या लॉटवर तपकिरी रेघा, तेल्या आहे का म्हणून घाबरलेले. मी मोठा करून बघितला. तेल्या नव्हता. झाडाच्याच काट्यांनी वाऱ्यात काढलेले ओरखडे, आडवेतिडवे, एका फळावर तर सुईनं दोरा घातल्यासारखे. युरोपला चालणार नाही, असं सांगितलं. गावच्या बाजाराला काढा.

"आणि मॅडम, तिथंही नाही उचलला तर?"

लोक उठून उभे राहिले होते, "अश्व आला, अश्व आला" सुरू झालं होतं, मला ओरडूनच बोलावं लागलं. दोन क्रेट माझ्या नावानं बाजूला ठेव म्हटलं, पैसे पगारातून काप.