तुम्ही विचारलंत म्हणून: हेमू अधिकारीच का?

फेव्हरेट क्रिकेटर कोण असं विचारलं की मी हेमू अधिकारी म्हणतो आणि समोरचा हमखास विचारतो, कोण हे? परवा परत तेच झालं, म्हणून आता एकदा नीट लिहूनच टाकतो.

लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र अधिकारी. जन्म पुण्याचा, १९१९चा. महायुद्धाच्या काळात टेस्ट क्रिकेट बंदच होतं, त्यामुळे पहिली टेस्ट मिळाली ती थेट १९४७ला ऑस्ट्रेलियात, म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी. आणि नोकरी लष्कराची, त्यामुळे पुढच्या अकरा-बारा वर्षांत टेस्ट झाल्या फक्त २१.

पण १९५२ची दिल्ली टेस्ट घ्या. पाकिस्तानची पहिलीवहिली टेस्ट, आपले ९ बाद २६३, आणि शेवटी आला गुलाम अहमद, जो मुळात ऑफस्पिनर, म्हणजे बॅट्समन नव्हे, बोलर. एखाद्याने मारामारी करून बघितली असती आणि आउट झाला असता, पण अधिकारी उभे राहिले, समोरच्याला धीर देत खेळले असणार असं मला कायम वाटतं, कारण त्या गुलाम अहमदने चक्क ५० केले, पार्टनरशिप झाली १०९ची आणि अधिकारी ८१ नॉट आउट! आपण एक डाव आणि ७० रन्सनी जिंकलो. आपल्या विनू मंकडने १३ विकेट काढल्या म्हणून ती मॅच त्याच्या नावावर आहे, ते बरोबरच आहे, पण हे ८१ कुणी आठवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग १९५९. वेस्ट इंडीजने ३-० असं धुतलेलं, उमरीगर, गुलाम अहमद, मंकड असे तीन कॅप्टन करून झालेले, समोर हॉल आणि गिलख्रिस्ट हे त्यांचे फास्ट बोलर. अशा वेळी शेवटच्या टेस्टला कॅप्टन केलं एकोणचाळीस वर्षांच्या अधिकारींना. त्यांनी ६३ आणि ४० केले, तीन विकेटही घेतल्या, मॅच ड्रॉ. ती त्यांची शेवटची टेस्ट.

१९७१ला कॅप्टन अजित वाडेकरची आपली टीम इंग्लंडमध्ये जिंकली तेव्हा मॅनेजर हेच. स्वतः कव्हरमधले एक नंबर फील्डर, त्यामुळे पोरांकडून फील्डिंग अक्षरशः घासून घेतली. त्याच दौऱ्यात लंडनच्या ओव्हल मैदानावर आपल्या सोलकरने इंग्लंडच्या अ‍ॅलन नॉटचा जो कॅच घेतला तो मी कितीदा पाहिलाय. अधिकारींची बॅटिंग मात्र कधीच बघायला मिळाली नाही.